उत्तरायुष्यातील कलाव्यवसाय : मिथिलेच्या स्त्री चित्रकारांचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कलावंताच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः एक ठरावीक क्रम गृहीत धरतो. बालपणी दिसलेली गुणवत्ता, तारुण्यातील कलाशिक्षण, पहिले प्रदर्शन, पहिला पुरस्कार आणि त्यानंतर येणारी प्रौढ शैली, असा हा क्रम असतो. कलाशाळांची प्रवेशपद्धती, अनेक शिष्यवृत्त्यांची वयोमर्यादा आणि चरित्रलेखनाचा साचा या तिन्हींनी हा क्रम रूढ केला आहे. परंतु तो ज्या आयुष्यावरून बेतला गेला, ते आयुष्य प्रामुख्याने पुरुषाचे आहे. बालवयात विवाह, तरुणपणी बाळंतपणे व घरकाम आणि सासरच्या वडीलधाऱ्यांची मर्यादा अशा चौकटीत जगणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला स्वतःचा असा वेळ आलाच, तर तो उत्तरायुष्यात येतो. अशा स्त्रीने वयाच्या चाळिशीत, पन्नाशीत किंवा त्याहूनही पुढे कलेतून अर्थार्जन करण्यास आरंभ केला, तर त्या घटनेचा अर्थ कसा लावावयाचा, हा प्रश्न कलेतिहासाइतकाच सामाजिक इतिहासाचाही आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार बिहारमधील मिथिलेच्या स्त्री चित्रकारांच्या आधारे केला आहे. इ.स. १९६६-६७ च्या दुष्काळात घराच्या भिंतीवरील चित्रकला कागदावर आली आणि अवघ्या दोन दशकांत तिच्या काही कर्त्या स्त्रिया राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या व्यावसायिक कलावंत झाल्या. या घडामोडीचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आहे. मधुबनीच्या खेड्यांत कागद घेऊन गेलेले भास्कर कुलकर्णी हे मुंबईचे मराठी चित्रकार होते आणि पुढे वारली चित्रकला बाहेरच्या जगासमोर आणण्यातही त्यांचाच मोठा वाटा होता. त्यामुळे दोन्ही ठिकाणांची तुलना करणे शक्य होते.

लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, या स्त्रियांनी कलेस उशिरा आरंभ केला असे म्हणणे ऐतिहासिक दृष्ट्या योग्य नाही. त्यांच्या हाती कौशल्य अनेक वर्षांपासून होते. उशिरा आले ते नाव, मोबदला आणि विकता येईल असे माध्यम. या तिन्हींचा आरंभ म्हणजेच व्यवसायाचा आरंभ होय.

भिंतीवरील कला आणि तिचे शिक्षण

मिथिला हा प्रदेश आजच्या बिहारच्या उत्तर भागात आणि लगतच्या नेपाळच्या तराईत पसरलेला आहे. येथील ब्राह्मण व कायस्थ कुटुंबांत विवाहप्रसंगी नवदांपत्याच्या खोलीची भिंत चित्रांनी सजविण्याची प्रथा होती. या खोलीस आणि त्यातील मुख्य चित्रासही ‘कोहबर’ असे म्हणतात. कमळाची पाने, बांबू, मासे, कासव, पोपट, सूर्य व चंद्र यांची त्यात योजना असते आणि त्या सर्वांतून वंशवृद्धीची व मंगलाची कामना व्यक्त होते. जमिनीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या आकृतींना ‘अरिपन’ म्हणतात. आपल्याकडील रांगोळीशी तिचे नाते सहज ओळखू येते. काजळी, हळद, पानाफुलांचे रस व नीळ यांपासून रंग तयार केले जात. बांबूच्या काडीला टोकाशी कापूस गुंडाळला की कुंचला तयार होई.

ही कला मुलगी आईकडून किंवा आजीकडून शिके आणि विवाहानंतर ते ज्ञान सासरच्या गावी घेऊन जाई. ज्या स्त्रीचा हात चांगला, तिला शेजारच्या घरच्या कार्यासही बोलावणे येई. म्हणजे गावपातळीवर गुणवत्तेची पारख होती, श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेदही होता. मात्र त्यास पैशाचे मोल नव्हते. चित्रावर नाव घालण्याची रीत नव्हती. काही काळाने भिंत पुन्हा सारवली जाई आणि चित्र नाहीसे होई. एखाद्या स्त्रीने तीस-चाळीस वर्षे चित्रे काढली, तरी तिच्या कामाचा कोणताही संचय मागे उरत नसे. कारकीर्द म्हणजे कामांची साठत जाणारी मालिका असे मानले, तर या स्त्रियांजवळ कौशल्य होते आणि कारकीर्द नव्हती.

बाहेरच्या जगाला या भिंतींचे दर्शन झाले ते एका आपत्तीमुळे. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात अनेक घरांच्या भिंती कोसळल्या आणि आतील खोल्या उघड्या पडल्या. त्या वेळी मधुबनी येथे कार्यरत असलेले ब्रिटिश अधिकारी डब्ल्यू. जी. आर्चर यांच्या दृष्टीस ही चित्रे पडली. त्यांनी छायाचित्रे घेतली आणि १९४९ मध्ये मुंबईच्या ‘मार्ग’ या नियतकालिकात मैथिल चित्रकलेवर लेख लिहिला. त्या लेखामुळे शैलीस अभ्यासकांत प्रसिद्धी मिळाली. चित्रे काढणाऱ्या स्त्रियांच्या आयुष्यात मात्र त्यामुळे काहीच बदल झाला नाही. कलेचा शोध लागणे आणि कलावंतास ओळख मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

दुष्काळ, कागद आणि शासकीय खरेदी

१९६६-६७ मध्ये बिहारमध्ये तीव्र दुष्काळ पडला. दुष्काळी कामांवर खोदाई व माती वाहण्याची मजुरी मिळत असली, तरी पडद्याची रूढी पाळणाऱ्या घरांतील स्त्रियांना त्या कामांवर जाणे शक्य नव्हते. घरात राहूनच करता येईल असे काही काम त्यांना हवे होते. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी यांना मधुबनीस पाठविले. भिंतीवर जे काढता ते कागदावर काढा, शासन ते विकत घेईल, असा तो प्रस्ताव होता.

प्रारंभी या प्रस्तावास सहज प्रतिसाद मिळाला नाही. मंगलकार्यासाठी काढावयाची चित्रे परक्यास विकावयाची, ही कल्पनाच नवी होती. तथापि कागद अगदीच अपरिचित नव्हता. विवाहातील सिंदूर ज्या कागदात गुंडाळून पाठवीत, त्यावर कोहबराची आकृती काढण्याची चाल होती. जितवारपूर व रांटी यांसारख्या गावांतील काही स्त्रियांनी काम स्वीकारले, चित्रे दिल्लीस गेली, विकली गेली आणि हाती रोख रक्कम आली. त्यानंतर इतर स्त्रियाही पुढे आल्या.

कागदाने नेमके काय घडविले, याचा विचार तपशिलाने करावयास हवा. पहिली गोष्ट, चित्र घराबाहेर जाऊ लागले. स्त्री घरातच राहिली तरी तिचे काम दिल्ली व पुढे परदेशापर्यंत पोचू शकले. दुसरी गोष्ट, चित्र टिकू लागले. आधीचे व नंतरचे काम शेजारी ठेवून पाहता येऊ लागले आणि एकाच गावातील दोन स्त्रियांच्या हातांतील फरक बाहेरच्या माणसालाही कळू लागला. तिसरी गोष्ट, चित्र विधीच्या वेळापत्रकातून मोकळे झाले. कोहबर लग्नातच काढले जाई. कागदावरील चित्र वर्षभर केव्हाही काढता येई. चौथी गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. मंगलकार्यात विधवेस दुय्यम स्थान देणाऱ्या समाजात कागदाला असा कोणताही निर्बंध नव्हता. विधवेने काढलेल्या चित्राची किंमत त्यामुळे कमी होत नव्हती.

वय येथे अनुकूल का ठरले, याचे स्पष्टीकरणही याच परिस्थितीत मिळते. घुंगटातील तरुण सुनेला परक्या अधिकाऱ्याशी बोलणे कठीण होते. घरातील वडील स्त्रीला ते तुलनेने सोपे होते. गावात जिच्या हाताचा लौकिक होता, तीही बहुधा वयाने मोठी असे. त्यामुळे बाहेरून आलेल्या खरेदीदाराने ‘चांगली चित्रे कोण काढते’ असे विचारल्यावर ज्यांच्याकडे बोट दाखविले जाई, त्यांत प्रौढ स्त्रियांचा भरणा असणे स्वाभाविक होते. चाळीस वर्षांचा विनामोबदला सराव हे त्यांचे भांडवल ठरले.

तीन कारकिर्दी

वरील विवेचन तीन कलावंतांच्या आयुष्यांतून अधिक स्पष्ट होते. उपलब्ध नोंदींनुसार जगदंबा देवी यांचा जन्म १९०१ चा. म्हणजे दुष्काळाच्या वेळी त्यांनी साठी ओलांडली होती. त्या अपत्यहीन विधवा होत्या. ज्या वयात नोकरदार माणूस निवृत्त होतो, त्या वयात त्यांच्या व्यावसायिक जीवनास प्रारंभ झाला. पुढे त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि १९७५ मध्ये पद्मश्री हा किताब लाभला. मिथिला चित्रकलेस मिळालेला हा पहिला पद्म सन्मान होय. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची व्यावसायिक कारकीर्द सुमारे अठरा वर्षांची ठरते. तिच्यामागील सराव मात्र अर्धशतकाहून अधिक होता.

सीता देवी यांचा जन्म १९१४ चा. कागद हाती आला तेव्हा त्या पन्नाशीच्या पुढे होत्या. जितवारपूरच्या या ब्राह्मण स्त्रीने ‘भरनी’ शैलीस, म्हणजे ठळक बाह्यरेषेच्या आत सपाट व तेजस्वी रंग भरण्याच्या पद्धतीस, मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांचे राधाकृष्ण व देवदेवता मोठ्या आकारात, भेदक डोळ्यांनी समोर उभे राहतात. त्यांनी दिल्लीत दीर्घकाळ काम केले आणि परदेश प्रवासही केला. १९८१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००५ मध्ये त्या निवर्तल्या. पन्नाशीनंतर सुरू झालेली त्यांची कारकीर्द साडेतीन दशकांहून अधिक काळाची आहे. कलाशाळेतून विशीत बाहेर पडणाऱ्या किती चित्रकारांना इतका दीर्घ कालखंड सातत्याने काम करता येते, असा प्रश्न येथे सहज मनात येतो.

गंगा देवी (१९२८-१९९१) या तिघींत वयाने लहान. दुष्काळाच्या वेळी त्या चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्या कायस्थ कुटुंबातील. अपत्य नसल्याने पतीने दुसरा विवाह केला आणि त्यांच्या वाट्याला उपेक्षा व दारिद्र्य आले. ‘कचनी’ शैलीतील, म्हणजे बारीक समांतर रेषांनी आकार भरण्याच्या पद्धतीतील, त्यांचे प्रभुत्व असामान्य होते. चित्रकला हा त्यांच्यासाठी उदरनिर्वाह तर झालाच, पण विचार करण्याचे साधनही झाला. ‘मानवजीवन’ या मालिकेत त्यांनी गर्भावस्थेपासून पुढील आयुष्यातील संस्कार व प्रसंग मांडले. कोहबर हे चित्र वंशवृद्धीची कामना करणारे. ज्या स्त्रीला अपत्य नसल्यामुळे घरातील स्थान गमवावे लागले, तिनेच जन्माचा हा सारा क्रम रेषेत उभा केला, ही बाब केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

१९८५ मध्ये अमेरिकेतील भारत महोत्सवाच्या निमित्ताने गंगा देवी वॉशिंग्टनला गेल्या. तेव्हा त्या ५७ वर्षांच्या होत्या. परतल्यावर त्यांनी अमेरिकेची चित्रमालिका केली. त्यात वॉशिंग्टनचे उंच स्मारक आहे, मोटारी आहेत आणि जत्रेतील रोलर कोस्टरही आहे. रेषा मैथिल, विषय सर्वस्वी नवा. पुढे कर्करोग झाल्यावर दिल्लीतील उपचारांचा अनुभवही त्यांनी चित्रमालिकेत मांडला. परंपरेत ज्याला आधीचा नमुना नाही असा विषय साठीच्या सुमारास हाताळण्याचे हे धैर्य पाहिले की, लोककलावंत परंपरेची केवळ पुनरावृत्ती करतो, हा समज टिकत नाही. अभ्यासक ज्योतींद्र जैन यांनी त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. मिथिलेच्या चित्रांवरील लेखन शैलीकडून व्यक्तीकडे वळल्याचे ते ठळक उदाहरण आहे.

वारलीशी तुलना : एकच दूत, दोन परिणाम

कागद आणि बाजारपेठ मिळाली की स्त्रीची कारकीर्द आपोआप उभी राहते, असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे ठरेल. महाराष्ट्रातील अनुभव निराळा आहे. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (२०१४ पासून पालघर जिल्हा) वारली समाजात विवाहप्रसंगी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ‘चौक’ लिहिला जातो. त्यात पालघट देवीची आकृती असते. हा चौक लिहिण्याचा मान सवाष्णींचा आणि धवलेरी या विधी चालविणाऱ्या स्त्रीच्या गाण्याशिवाय कार्य पुरे होत नाही. म्हणजे येथेही मूळ कला स्त्रियांचीच होती.

सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून वारली चित्रे कागदावर आली. परंतु येथे सर्वाधिक कीर्ती मिळाली ती डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) या पुरुष कलावंतास. त्यांची प्रतिभा निर्विवाद होती. विधीच्या चौकटीबाहेर शेती, मासेमारी, नाच व कथा यांना त्यांनी चित्रात स्थान दिले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या मागोमाग व्यवसायात आलेल्यांतही पुरुषांचेच प्राबल्य राहिले. चौक लिहिणाऱ्या सवाष्णी बाजारपेठेच्या इतिहासात बहुतांशी अनामच राहिल्या.

या फरकाची कारणे निश्चित सांगणे कठीण असले, तरी काही शक्यता मांडता येतात. मिथिलेत चित्रे काढणे हे पूर्णपणे बायकांचे काम मानले जाई. उच्च जातींतील पुरुष त्यात पडणे कमीपणाचे समजत. शिवाय पडद्यामुळे स्त्रियांना दुसरे उत्पन्नाचे काम उपलब्ध नव्हते. जे बंधन होते, त्यानेच काही काळ हे क्षेत्र स्त्रियांसाठी राखून ठेवले. वारली स्त्री शेतात व रानात श्रम करणारी होती. तिच्या दिवसात मोकळा वेळ अल्प होता आणि चौक हा तिच्यासाठी विधी होता. विक्रीसाठी मुंबई-दिल्लीचा प्रवास, अधिकाऱ्यांशी व्यवहार, दालनांशी संपर्क ही कामे पुरुषांकडे गेली आणि त्यांच्यासोबत कलावंत हे नावही पुरुषांकडे गेले. तात्पर्य, माध्यम बदलले की श्रेयही पुन्हा वाटले जाते आणि ते वाटताना मूळ हक्कदार वगळले जाण्याची शक्यता असते.

व्यवसायाच्या मर्यादा आणि श्रेयाचा प्रश्न

मिथिलेतील चित्रही सर्वस्वी उजळ नाही. मागणी वाढताच दलाल आले. ठोक दराने, घाईने आणि एकाच नमुन्याच्या अनेक प्रती काढून घेण्याची रीत पडली. या पार्श्वभूमीवर अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रेमंड ओवेन्स यांचा प्रयोग उल्लेखनीय आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते मिथिलेत आले. चित्राची योग्य किंमत आधी द्यावयाची आणि ते परदेशात विकले गेल्यावर नफ्यातून कलावंतास दुसऱ्यांदा रक्कम द्यावयाची, अशी ती पद्धत होती. उत्तम चित्रासाठी वेळ घेणे त्यामुळे परवडू लागले. गुणवत्तेचा संबंध मोबदल्याच्या पद्धतीशी किती निकटचा असतो, हे त्यातून दिसते.

दुसरा प्रश्न जातीचा. आरंभीच्या लौकिकाचा मोठा भाग ब्राह्मण व कायस्थ स्त्रियांना मिळाला. दुसाध समाजातील स्त्रियांनी, विशेषतः चानो देवी यांनी, सत्तरच्या दशकात अंगावरील गोंदणाच्या आकृतींवरून ‘गोदना’ ही स्वतंत्र शैली घडविली आणि राजा सलहेस या आपल्या लोकनायकाला कागदावर आणले. जर्मन मानववंशशास्त्रज्ञ एरिका मोझर यांचे प्रोत्साहन त्यांना लाभले. मल्लाह समाजातील दुलारी देवी यांनी रांटी येथे महासुंदरी देवी व कर्पूरी देवी यांच्या घरी घरकाम करीत असताना चित्रकला आत्मसात केली आणि २०२१ मध्ये पद्मश्री मिळविली. त्यांच्याजवळ घरच्या कोहबराचा वारसा नव्हता. तरीही मोलकरणीपासून चित्रकारापर्यंतचा प्रवास शक्य झाला, कारण आधीच्या पिढीतील स्त्रियांनी चित्रकला हा व्यवसाय असू शकतो हे डोळ्यांसमोर आणून दिले होते.

तिसरा प्रश्न जतनाचा. गंगा देवी यांनी आजारपणाच्या काळात दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियममध्ये एका खोलीच्या भिंतींवर कोहबर रंगविले होते. नूतनीकरणाच्या कामात ते नष्ट झाल्याचे २०१५ च्या प्रारंभी उघडकीस आले आणि कलाक्षेत्रात तीव्र नाराजी व्यक्त झाली. गावातील भिंत सारवली जाते ती नव्या चित्रासाठी. ती परंपरेचीच एक रीत आहे. संग्रहालयातील भिंतीचे तसे नाही. तेथे पुसले गेले ते एका ज्ञात, सन्मानित कलावंताच्या अखेरच्या वर्षांतील काम. एखाद्या नामवंत तैलचित्रकाराच्या भित्तिचित्राबाबत असे घडले असते काय, हा प्रश्न अभ्यासकांनी स्वतःस विचारण्याजोगा आहे. पद्म सन्मान मिळाल्यानंतरही या स्त्रियांचे काम ‘हस्तकला’ या वर्गात राहिले आणि त्या वर्गाला ‘कले’इतके संरक्षण मिळाले नाही, असेच यावरून म्हणावे लागते.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. उत्तरायुष्यात व्यावसायिक कलावंत झालेल्या मिथिलेच्या स्त्रिया नवशिक्या नव्हत्या. त्यांचा दीर्घ सराव घरकामाच्या व विधीच्या सदरात गणला गेल्याने इतिहासात नोंदला गेला नव्हता.

२. कारकीर्द उभी राहण्यास कौशल्याव्यतिरिक्त टिकणारे व प्रवास करू शकणारे माध्यम, ठरलेला मोबदला, स्थिर खरेदीदार आणि व्यक्तीच्या नावाची नोंद या चार गोष्टी आवश्यक ठरल्या. पहिल्या टप्प्यात त्यांपैकी बहुतेक शासकीय पुढाकारातून मिळाल्या.

३. वय, वैधव्य व अपत्यहीनता या गोष्टी समाजाने उणिवा मानल्या. नव्या माध्यमाने त्यांची अडचण होऊ दिली नाही. उलट वयाबरोबर येणारी मोकळीक व गावातील लौकिक काही अंशी उपयोगी पडला.

४. हे यश आपोआप घडणारे नाही. वारली चित्रकलेचा अनुभव पाहता, स्त्रियांची कला बाजारात येताना तिचे श्रेय अन्यत्र वळू शकते.

आजही हा विषय केवळ इतिहासाचा नाही. मध्य प्रदेशातील जोधइया बाई बैगा यांनी वैधव्यानंतर उतारवयात कुंचला हाती घेतला, २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्या निवर्तल्या. महाविद्यालयीन पातळीवर आपण या विषयाकडे दोन प्रकारे पाहू शकतो. कलेतिहासाच्या अभ्यासक्रमात कारकिर्दीचा आरंभ जन्मवर्षावरून वा पदविकेवरून न मोजता कामावरून मोजण्याची दृष्टी आणता येईल. तसेच आपल्या परिसरात चौक, रांगोळी, गोधडी वा भित्तिचित्रे करणाऱ्या प्रौढ स्त्रियांच्या कामाची नावानिशी, वर्षानिशी नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल. जगदंबा देवींच्या पहिल्या साठ वर्षांतील एकही भिंत आज पाहावयास मिळत नाही. त्या वेळी तेथे वही घेऊन कोणी बसले असते, तर तो अभाव आज राहिला नसता.